तीन मिलिमीटर

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाचा मिलिमीटरशी संबंध येतो तो पावसाळ्यापुरता. कुलाब्याला अमुक, सांताक्रूझला तमुक, असं बातम्यांत सांगतात आणि आपण खिडकीतून डोकावून ठरवतो की वेधशाळेने निम्मंच मोजलेलं दिसतंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हापासून शंभर-सव्वाशेला इथे कुणी पाऊस म्हणेनासं झालंय. अशा गावात राहून गेला अख्खा हिवाळा मी तीन मिलिमीटर या एकाच विषयावर बोलत होतो. घरातल्यांनी ते सोसलं. शेजारी मात्र लिफ्ट सोडून जिना वापरायला लागले.

विषय बाबांच्या लॅम्ब्रेटाचा होता. मूळची ती इटलीची. मिलानच्या लांब्राते भागात इनोचेंती कंपनीने १९४७ साली ही स्कूटर काढली. पण बाबांच्या लेखी लॅम्ब्रेटा भांडुपची, कारण ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी पन्नासच्या दशकापासून इनोचेंतीच्या परवान्यावर तिची जुळणी भांडुपला करायची. १९४९ साली निघालेली ही कंपनी पुढे ज्या एम. ए. चिदंबरम यांच्याकडे गेली, त्यांचंच नाव चेन्नईच्या चेपॉक स्टेडियमला आहे. चेपॉकला भारत हरला तर बाबा फलंदाजांना शिव्या देतात, खेळपट्टीला कधी देत नाहीत. लॅम्ब्रेटाच्या मालकाच्या मिठाला जागतात.

आमची एलआय १५० बाबांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घेतली. तेव्हा स्कूटरसाठी नंबर लावायचा आणि मग विसरून जायचं अशी पद्धत होती. नंबर लागेपर्यंत मुलं शाळेत जायला लागायची. स्कूटरवाल्यांचे पंथ दोन, बजाज आणि लॅम्ब्रेटा. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका कट्टर बजाजवाले. बजाजचं इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या कुशीत, त्यामुळे वजन एका अंगाला. रोज सकाळी काका स्कूटर आडवी करायचे, थोडा वेळ तशीच धरायचे, उभी करायचे, मग किक. वरून बाबा चहा पीत हे बघायचे. लॅम्ब्रेटाचं इंजिन बरोबर मधोमध, पाइपच्या सांगाड्यात टांगलेलं. सिलेंडर आडवा, तोंड पुढे. ‘आमच्या गाडीला सकाळी उठून झोपवावं लागत नाही’, हे बाबांचं वाक्य अख्ख्या बिल्डिंगला पाठ होतं. काकांचं उत्तरही ठरलेलं असायचं, ‘तुमच्या गाडीला स्पेअर मिळतात का ते सांगा आधी.’

काका त्रिकालज्ञानी होते म्हणायचे.

कारण इतक्या वर्षांनी वेळ आली ती नेमकी स्पेअरवर. स्कूटर चालू व्हायची, पण इंजिनाच्या पोटातून एक कोरडा खणखणाट यायला लागला. उतारावर पेट्रोल सोडलं की वाढायचा. मुलुंडच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे गॅरेज आहे तिथल्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात, त्यांची स्वतःची भाचरंसुद्धा. मामांनी हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक केसिंगला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

“पिस्टन नाही दादा. क्रँक बोलतोय.”

“दुरुस्त होईल?”

“दुरुस्त काय व्हायचंय? बांधायचा नवीन.”

आता इथे थोडं इंजिनाच्या आत शिरावं लागेल. पिस्टनचं वर-खाली होणं कनेक्टिंग रॉडमार्फत गोल फिरण्यात बदलतो तो क्रँक. चारचाकीचा क्रँक अखंड असतो. कनेक्टिंग रॉडचं खालचं तोंड दोन अर्ध्या कड्यांचं, ती बोल्टने आवळायची, आणि पंपाने आलेल्या तेलावर ती कडी तरंगत राहतात. टू-स्ट्रोक स्कूटरच्या क्रँकपाशी तेलाचं तळंच नाही. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँकच्या खोलीत येतं, पिस्टन खाली आला की दाबलं जातं आणि बाजूच्या वाटेने वर सिलेंडरमध्ये जातं. त्या पेट्रोलमध्ये कालवलेल्या चमचाभर टू-टी तेलाचा जो काही ओलावा मिळेल त्यावर रॉडच्या बेअरिंगने निभवायचं. एवढ्यावर निभतं ते फक्त सुयांसारख्या बारीक रोलरच्या बेअरिंगचं. आणि त्याला लागतं अखंड, गोल, कुठेही न जोडलेलं कडं. रॉडचं कडंच अखंड म्हटल्यावर ते क्रँकवर चढवणार कसं? म्हणून मग क्रँकच तुकड्यांचा. दोन जाड पोलादी चकत्या, त्यांना जोडणारी एक पिन, पिनवर रॉड. बोल्ट नाही, वेल्डिंग नाही, खाच नाही. पिन चकतीतल्या भोकापेक्षा काही शतांश मिलिमीटरने जाड असते आणि टनावारी दाबाने ती आत घुसवलेली असते. मिनिटाला पाच हजार फेऱ्या, म्हणजे सेकंदाला त्र्याऐंशी वेळा पिस्टन वर जाऊन थांबतो आणि त्र्याऐंशी वेळा खाली येऊन थांबतो. हे सगळं त्या नुसत्या घट्टपणाच्या भरवशावर.

क्रँक नवा बांधायचा तर रॉडही नवा हवा. लॅम्ब्रेटाच्या रॉडची लांबी १०७ मिलिमीटर. वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत. मध्य काही हाताला लागत नाही. त्यामुळे व्हर्नियरने दोन्ही भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्यायचं आणि दोन्ही भोकांच्या व्यासांची निम्मी-निम्मी वजाबाकी करायची. मामा ही वजाबाकी हवेत बोट फिरवून करतात. मी बँकेत हयात काढली आहे, मला कागद लागतो. दोघांचं उत्तर एकच येतं, मामांचं आधी येतं.

१०७ चे रॉड मिळत नाहीत असं नाही. नागदेवी स्ट्रीटला गेलं तर बेअरिंगच्या दुकानांच्या रांगेत कुणीतरी एक डबा पुढे करतोच. डब्यावर इटलीचा झेंडा छापलेला असतो आणि आतल्या मालावर मुलुखाचा पत्ता नसतो. मामांनी असा एक रॉड उजेडाकडे धरला, नखाने कडं वाजवून पाहिलं आणि पुन्हा डब्यात ठेवला. “कच्चा आहे. पावसाळ्याआधी परत माझ्याकडेच येणार तुम्ही.” आणि मग त्यांनी टेबलाखालून दुसरा काढला. “हा घाला. यामाहाचा आहे. आरडीचा.”

आरडी म्हटल्यावर माझ्या पिढीच्या माणसाची पाठ आपोआप ताठ होते. १९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० इथे राजदूत ३५० म्हणून आणली. दोन सिलेंडर, ३४७ सीसी, पेट्रोलला राक्षस आणि पुढच्या चाकाला जेमतेम ड्रम ब्रेक. आमच्या कॉलेजात एकाकडे होती. तो चार वर्षांत एकदाही वेळेवर आला नाही, कारण त्याला घरचे ती चालवू देत नव्हते. त्या आरडीचे भक्त अजून इतके आहेत की तिचे रॉड चांगल्या प्रतीचे मिळतात. त्या रॉडची लांबी ११० मिलिमीटर. पिन आणि बेअरिंगचा मेळ लेथवाल्याने घालून दिला की तो लॅम्ब्रेटात बसतो. आणि ही मामांच्या डोक्यातली अक्कल नव्हे. इंग्लंडमधले लॅम्ब्रेटावेडे कित्येक वर्षं हेच करत आलेत. पुढची पायरी म्हणून ११६ चाही रॉड घालतात.

बाबांना सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते. “लॅम्ब्रेटात यामाहा?” त्यांनी विचारलं. ज्या सुरात विचारलं, तो सूर मी शेवटचा माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी ऐकला होता. मी म्हटलं, “बाबा, गाडी इटलीची, जुळणी भांडुपची, रॉड जपानचा. मुंबईत आणखी काय असतं?” बाबांनी पेपर उलटला. त्याला आमच्याकडे होकार समजतात.

तर ११० उणे १०७, तीन मिलिमीटर. तांदळाचा दाणासुद्धा याहून लांब असतो. पण रॉड तीन मिलिमीटर लांब म्हणजे पिस्टन प्रत्येक फेरीत, वरही आणि खालीही, तीन मिलिमीटर पुढे. तसाच ठेवला तर वरच्या टोकाला तो हेडवर जाऊन आपटेल. लोकलच्या बाकावर तिघं ऐसपैस बसलेले असतात, चौथा येतो आणि म्हणतो, ‘जरा सरकून घ्या.’ तो स्वतः मागतो चार बोटं जागा, पण त्यासाठी खिडकीतल्या माणसाच्या मांडीवरच्या पिशवीपर्यंत सगळ्यांना हलावं लागतं. इथे तेच. पिस्टनला जागा हवी म्हणून सिलेंडरच्या बुडाशी तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्या दोन्ही अंगांना कागदी पॅकिंग. सिलेंडर सरकला म्हणून हेड सरकलं. हेड सरकलं म्हणून स्टड तोकडे पडले, लांब करून घ्या. सिलेंडरवर हवा खेळवणारं पत्र्याचं झाकण बसेना, त्याची भोकं कानशीने लांबट करा. कार्बोरेटर सिलेंडरला लटकलेला, तोही सरकला. त्याला रबरी नळी असल्याने तो बिचारा सांभाळून घेतो. सायलेन्सरचं मात्र काही खरं नव्हतं. तो मुळातच आडमुठा, त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न घरातून आला. प्रश्न रास्त होता. मी पेन्सिल घेऊन बसलो.

लॅम्ब्रेटाच्या पिस्टनचा प्रवास ५८ मिलिमीटरचा. म्हणजे क्रँकच्या मध्यापासून पिन २९ वर. क्रँक वरून पाव फेरी फिरला की पिस्टन निम्मं अंतर, म्हणजे २९ मिलिमीटर आला असेल, असं कुणीही म्हणेल. तसं होत नाही. त्या घडीला रॉड तिरपा झालेला असतो, आणि तिरप्या रॉडची उभी लांबी कमी भरते. पायथागोरसचा तो काटकोन त्रिकोण आठवीनंतर पहिल्यांदा माझ्या कामाला आला. कर्ण १०७, एक बाजू २९, उरलेली बाजू १०३ ला किंचित कमी. हिशेब केला तर पाव फेरीत पिस्टन २९ नव्हे, ३३ मिलिमीटर खाली आलेला असतो. म्हणजे वरचा अर्धा प्रवास तो घाईने उरकतो आणि खालच्या टोकाशी रेंगाळतो. मला हे फारच आवडलं. आयुष्यभर ज्या स्कूटरवर बसलो तिच्या पोटात दर फेरीला असा पक्षपात चालू होता आणि बाहेर पत्ता नव्हता.

रॉड जितका लांब तितका हा पक्षपात कमी. शिवाय तिरपेपणा कमी म्हणजे पिस्टनचा सिलेंडरच्या भिंतीवरचा रेटाही कमी. पिस्टन जगतो जास्त. तत्त्व एकदम चोख. मग आकडे मांडले. १०७ च्या रॉडचा जास्तीत जास्त तिरपेपणा १५.७ अंश, ११० चा १५.३. पाव फेरीतलं अंतर आधी ३३.०, आता ३२.९.

“म्हणजे फायदा किती?” हिने विचारलं.

“एक दशांश मिलिमीटर.”

“आणि खर्च?”

पायथागोरसाने याबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पिस्टन पुढे सरकल्यावर त्याच्या मागची क्रँकची खोली तेवढी मोठी झाली. ५७ मिलिमीटर व्यासाचा सिलेंडर, तीन मिलिमीटर उंची, म्हणजे साधारण साडेसात घन सेंटिमीटर, दीड चमचा. टू-स्ट्रोकमध्ये ती खोलीच पंपाचं काम करते. खोली वाढली की दाब अंमळ कमी. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने थोडं काढून घ्यायचं, हा यंत्रांचा जुना स्वभाव आहे. हे मी घरी सांगितलं नाही. विचारलंच नव्हतं कुणी.

क्रँक बांधून घ्यायचा तर साकीनाक्याला, याबद्दल मामांचा आग्रह होता. मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंतच्या एलबीएस मार्गावर एकेकाळी कारखान्यांची रांग होती. भांडुपला लॅम्ब्रेटा, सीएट, जीकेडब्ल्यू, कांजूरला क्रॉम्प्टन, विक्रोळीला गोदरेज, कुर्ल्याला प्रीमियर. काही आहेत, पुष्कळसे गेले. त्या जागी आता मॉल आहेत आणि पंचेचाळीस मजल्यांचे टॉवर. त्या टॉवरच्या जाहिरातीत जंगल दाखवतात, वरून बोरिवलीचा बिबट्या बघेल इतकं. कारखाने गेले, पण त्यांतली काही माणसं एखादा लेथ, एखादा प्रेस घेऊन साकीनाका, सफेद पूल, मरोळच्या गाळ्यांत शिरली. गाळा म्हणजे अंगठ्याएवढा. लेथवर लांब शाफ्ट चढवला तर त्याचं दुसरं टोक गल्लीत येतं आणि रिक्षावाले त्याला वळसा घालून जातात.

क्रँकचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून मी घाटकोपरला मेट्रोत बसायला गेलो. बसायला म्हणजे आधी तपासणी. पिशवी यंत्रातून गेली आणि पडद्यापुढच्या मुलीने ती पुन्हा मागे घेतली. मग पुन्हा. मग तिने साहेबांना हाक मारली. पडद्यावर दोन भरीव गोल चकत्या आणि एक लांब दांडा दिसत होता. मीच ते चित्र पाहून दोन पावलं मागे सरलो असतो. “हे काय आहे?” “स्कूटरचा क्रँक.” साहेबांनी कागद उलगडला, रॉड हातात घेतला, तो दोन बोटांत झुलवला. “टू-स्ट्रोक?” “हो.” “आमच्या अण्णांची रिक्षा होती बजाजची, मागच्या इंजिनाची. दर दोन वर्षांनी हेच घेऊन फिरायचे.” त्यांनी कागद माझ्यापेक्षा नीट गुंडाळून दिला. मागची रांग तोवर जिन्यापर्यंत गेली होती आणि रांगेतलं कुणीही अण्णांच्या आठवणींत रमलेलं दिसत नव्हतं.

साकीनाक्याच्या त्या गाळ्यातल्या गृहस्थांना मास्तर म्हणतात. सत्तरीच्या पुढचे, किडकिडीत, शर्टाच्या खिशात स्टीलची सहा इंची पट्टी. एलबीएस मार्गावरच्याच एका कारखान्यात टूलरूमला होते, तो बंद पडला तेव्हापासून इथे. मी उत्साहाने माझा हिशेबाचा कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला, पाहिला, आणि त्यावर रॉड ठेवला, टेबलाला तेल लागू नये म्हणून.

आधी प्रेसखाली एक चकती, तिच्यात पिन. पिनवर सुयांचं बेअरिंग, वॉशर, त्यावर रॉड. मग दुसरी चकती वरून. ती बरोबर पहिलीच्या रेषेत यायला हवी. मास्तरांनी खिशातली पट्टी काढून दोन्ही चकत्यांच्या कडांना लावली. पट्टी आणि पोलाद यांच्यामधून उजेड दिसतो का ते बघायला मान खाली घातली. एका बाजूने पाहिलं, पाव फेरी वळवून दुसऱ्या बाजूने पाहिलं. मग प्रेसचा दांडा. पिन आत जाताना मी मोठा आवाज अपेक्षिला होता. एक हलकीशी कुरकुर झाली, तीही मधेच थांबली. मास्तरांनी फीलर गेजची पातळ पट्टी रॉडच्या बाजूला सरकवून पाहिली, पुन्हा दांडा दाबला, आणि थांबले. रॉड बोटाने फिरवला. तो आपल्याच वजनाने सावकाश खाली आला.

“झालं?”

“आता सुरू होईल.”

खरं काम ते. दोन चकत्या जुळल्यासारख्या दिसतात, पण त्यांच्या बाहेरच्या अंगांना असलेले दोन शाफ्ट एका सरळ रेषेत नसतात. क्रँक दोन सेंटरमध्ये धरला, दोन्ही शाफ्टवर एकेक डायल लावला आणि हाताने फिरवला. डायलवर एका घराला एक शतांश मिलिमीटर. डावा काटा सव्वीस घरं हलला, उजवा एकोणीस. सव्वीस शतांश म्हणजे पाव मिलिमीटर. माझ्या तीन मिलिमीटरांचा मला त्या क्षणी थोडा संकोच वाटला. मास्तरांनी चकतीवर खडूने खूण केली, क्रँक काढून हातात तोलला, आणि तांब्याच्या हातोडीने खुणेवर एक टोला हाणला. असा हाणला की मी दचकलो. ज्या वस्तूला इतका वेळ जिवापाड जपलं तिला हा माणूस असा मारतो? पुन्हा सेंटर, पुन्हा डायल. चौदा आणि सोळा. पुन्हा खडू, यावेळी दुसरीकडे. आता हलका टोला, नुसत्या मनगटाचा. नऊ आणि सात. एकदा त्यांनी चकत्यांच्या फटीत पितळी पाचर घालून तिला अगदी हळू ठोकलं, कारण शाफ्ट वाकडा नव्हता, चकत्या एका टोकाला जरा जवळ आल्या होत्या. काट्यांच्या हलण्यावरून कुठली चकती कुठे कलली आहे हे त्यांना कळत होतं. मला समजावूनही सांगितलं. दोन्ही काटे एकदम वर गेले तर असं, एक वर आणि एक खाली तर तसं. मी मान डोलावत राहिलो. हिंदुस्थानी गाण्याच्या मैफलीतही मी अशीच डोलावतो.

शेवटी डावा दोन, उजवा दोन. मास्तर क्रँकला तेल लावायला लागले.

“शून्य नाही होणार, मास्तर?”

“होईल की. कशाला पण? ज्या बेअरिंगमध्ये हे बसणार, त्यांनाच याहून जास्त प्ले असतो. तिथे शून्य घालून कुणाला दाखवणार?”

दरम्यान बाबांनी वर्तमानपत्रातलं एक जुनं कात्रण काढून ठेवलं होतं. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना वेगळी नोंदणी, नंबरात व्हीए ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला नको. आमची गाडी वयाने पात्र. पण पोटात यामाहाचा रॉड. बाबा म्हणाले, “तीन मिलिमीटर म्हणजे फेरफार का?” मी म्हटलं, “आरटीओत विचारू.” ते म्हणाले, “विचारलंस तर फेरफार.” मग पुढे वाचल्यावर कळलं की विंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढताच येत नाही. तिथे बाबांचा रस संपला. रोज भाजी आणायला जात नाही ती स्कूटर कसली? आम्ही नेहमीचा ग्रीन टॅक्स भरतो आणि गप्प बसतो.

इंजिन बांधून झालं. पट्टी, पॅकिंग, स्टड, झाकण, सगळं बसलं. राहिला सायलेन्सर. सिलेंडर तीन मिलिमीटर पुढे गेल्यावर त्याचं धुराड्याचं तोंड पुढे गेलं, आणि सायलेन्सरचा खालचा पाय मात्र इंजिनाच्या केसिंगला जिथे होता तिथेच. मामांनी तो आधी हाताने ओढला, मग पायाने रेटला, मग त्याच्या कुळाचा उद्धार केला. शेवटी क्लॅम्प कापून नव्याने वेल्डिंग करून घ्यावा लागला. तोही मास्तरांच्याच गाळ्यात, कारण शेजारच्या गाळ्यातलं वेल्डिंगचं मशीन त्यांच्या मीटरवर चालतं.

किक मारली. तिसऱ्या किकेला निळा धूर, आणि गल्लीत तो जुना वास पसरला. टॉवरमधली तरुण मुलं खिडक्या लावून घेतात त्या वासाने, आणि साठीच्या पुढची माणसं गॅलरीत येतात. खणखणाट नव्हता. खालच्या मजल्यावरचे काकाही काठी टेकत बाहेर आले. त्यांची बजाज केव्हाच भंगारात गेली. बजाज कंपनीनेच मुळी २००९ साली स्कूटरचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं, ते काकांनी फार मनाला लावून घेतलं होतं. आता कंपनीने तेच जुनं नाव देऊन विजेवरची चेतक आणली आहे. काका तिला स्कूटर मानत नाहीत, आवाज करत नाही म्हणून. काकांनी बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, “रॉड कुठला घातलात?” बाबा म्हणाले, “लॅम्ब्रेटाचा.” आयुष्यभर खरं बोललेला माणूस.

चालवून कशी वाटते? पहिले काही दिवस चाळिशीच्या वर काढायची नाही असं मामांनी बजावलंय, पिस्टनच्या रिंगा बसेपर्यंत. एलबीएसवर चाळिशी गाठायचीच म्हटली तरी पहाटे निघावं लागतं, त्यामुळे ते पथ्य आपोआप पाळलं जातं. चढावर इंजिन थोडं सुटसुटीत वाटतं. मऊ वाटतं. एक दशांश मिलिमीटरचा फरक माणसाला जाणवतो का? बिल भरल्यावर जाणवतो.

त्या बिलाची गंमत राहिली. मामांनी मास्तरांचा कागद माझ्या हाती दिला. त्यात दोनच ओळी होत्या. क्रँक प्रेस व अलाइन. सायलेन्सर क्लॅम्प वेल्डिंग. आणि वेल्डिंगचा आकडा मोठा होता. मला वाटलं, ओळींची अदलाबदल झाली. तिकडे गेलो होतो तेव्हा विचारलंच. “मास्तर, वेल्डिंग पाच मिनिटांचं. क्रँकवर तुम्ही अर्धा दिवस घालवलात. आकडे उलटे पडलेत का?”

“नाही, बरोबर आहेत,” मास्तर म्हणाले. “वेल्डिंगला रॉड जळतो साहेब, वीज जाते. हातोडीचं काय जातंय?”